विषय: ‘एम्परर अशोका’ विमानाच्या मॉडेलला विंगलेट, आणि त्यावर तुमच्या माणसाने दिलेला सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आत्ता साडेचारला तुमच्या माणसाने फोन ठेवला. चौथा फोन. त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू दे.

तुमच्याकडून मागवलेलं ‘एम्परर अशोका’चं मॉडेल: एअर इंडियाचं बोइंग ७४७-२००, नोंदणी व्हीटी-ईबीडी, प्रमाण १:४००. ६,८०० रुपये आगाऊ भरले होते. खिडक्यांवरचे लाल झरोके सुरेख छापलेत, नोंदणी क्रमांकही बरोबर. फक्त पंखांची टोकं वर वळलेली! विंगलेट ७४७-४०० ला असतात, आणि ते सेवेत आलं १९८९ मध्ये. व्हीटी-ईबीडी १ जानेवारी १९७८ ला वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ जणांसकट. म्हणजे विमान गेल्यावर अकरा वर्षांनी आलेले पंख तुम्ही त्याला बसवलेत. व्हर्नियर लावून पंखांचं टोक ते टोक माप घेतलं. १६१ मिलिमीटर भरतं, हवं १४९. हे तुम्हाला मी सांगायचं?

आता आजचा फोन. ‘सर, टॉय डॅमेज आहे का?’ म्हटलं, डॅमेज नाही, चुकीचं आहे. अकरा मिनिटं होल्डवर बासरी ऐकवली. मग म्हणे, ‘सर, बॅकएंड टीमने सांगितलंय, हे अपग्रेडेड व्हर्जन आहे. एक्स्ट्रा चार्ज घेतलेला नाही.’ उपकारच झाले! मी गप्प बसलो तर पुढे विचारतो, ‘मुलाचं वय किती? लहान मुलांना एवढं कळत नाही, सर.’ मुलगा छत्तीस वर्षांचा आहे, पुण्यात असतो, विमान माझं आहे, असं सांगितलं. पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि त्या क्षणापासून मी ‘सर’चा ‘काका’ झालो. ‘काका, एवढं खटकत असेल तर पकडीने वाकवून सरळ करून घ्या ना.’

पकडीने! जस्ताचं ओतकाम वाकत नाही, तुटतं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं मिगच्या पंखांची तपासणी केली मी. तिथे ‘वाकवून घ्या’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी गेटच्या आत आला नसता.

तक्रार ‘सोडवली’ असा मेसेज मात्र लगेच आला. चार फोन, तक्रारीची चार तिकिटं. विमान सोडून सगळं मिळालं.

कपाटात तुमची त्रेसष्ट मॉडेल्स आहेत, म्हणून जास्त लागलं. १९७१ साली वडिलांनी नाशिकहून सांताक्रूझला नेऊन हेच विमान दाखवलं होतं. ते जाऊ दे, तुमच्या बॅकएंडला त्याचं काय. पण पुन्हा सांगतो, २०० ला विंगलेट नसतात.

आठ दिवसांत बरोबर पंखांचं विमान द्या, नाहीतर पूर्ण पैसे. नवव्या दिवशी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज जाईल. फोटो आणि व्हर्नियरचं माप सोबत जोडलंय.

बॉक्स, आतला प्लॅस्टिकचा साचा, सगळं जपून ठेवलंय. गंगापूर रोडच्या पत्त्यावर न्यायला माणूस पाठवा. फोन करू नका.

एक ग्राहक, नाशिक