शाळेची हद्द

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी पडलीय, पण गरम कपडे भरपूर आहेत, काळजी करू नका.

बाबा, पलीकडच्या गावात कमी भाडं असताना अमेरिकेत बॉस्टनजवळच्या या उपनगरातच का राहतो, असं तुम्ही विचारलंत. उधळपट्टी नाही हो. इथं सरकारी शाळा मोफत, पण ती पत्त्यावर मिळते. प्रवेशाला भाडेकरार आणि वीजबिल दाखवायचं. देणगी, ओळख काही चालत नाही. हद्दीपलीकडे घर बदललं की शाळाही बदलते. खर्च बराचसा गावाच्या घरपट्टीतून चालतो, आणि ती ठरल्यापेक्षा जास्त वाढवायची तर गावात मतदान घ्यावं लागतं, असा या राज्यात १९८० पासूनचा कायदा आहे. त्यामुळे जिथं घरं महाग, तिथं शाळेला पैसा.

आई, शाळेत रंगावरून आपल्या लेकीला, चिनूला, कोणी बोलत नाही. वर्गात आपली, चिनी मुलं पुष्कळ आहेत. काळी मुलं मोजकी, आणि त्यातली बरीच बॉस्टनहून बसनं येतात. योजनेचं नाव मेटको. शहरातल्या काळ्या वस्त्यांमधल्या शाळांचे हाल होते आणि तिथली शाळा-समिती दाद देत नव्हती, म्हणून १९६६ साली २२० मुलं सात उपनगरांत पाठवली. आज तीन हजारांवर मुलं येतात. पूर्वी मूल जन्मलं की नाव घालून वाट बघायची, आता सोडत निघते.

ही कुटुंबं उपनगरातच का राहत नाहीत? त्यांना पूर्वी बँका कर्ज देत नसत, दलाल घर दाखवत नसत, आणि मोठ्या प्लॉटच्या नियमामुळे स्वस्त घरं उभीच राहिली नाहीत. शिवाय शाळांपुरतं बोलायचं तर, १९७४ च्या डेट्रॉइट शहराच्या खटल्यात, काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून ५३ उपनगरांच्या शाळा शहराबरोबर एकत्र करायला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला. उपनगराचा भेदभावाचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्याला यात ओढायचं नाही, असं ठरलं. हद्द तिथं पक्की झाली.

हिवाळ्यात ही लेकरं अंधारातच थांब्यावर उभी असतात. बर्फात बस अडकली की पहिला तास बुडतो. खेळाचा सराव असला तर परतीला उशिराची बस लागते. ती नसेल त्या दिवशी सराव सोडायचा. मूल आजारी पडलं तर आईनं शहरातून कामावरून निघून यायचं. इथून उलट तिकडे मात्र कोणी जात नाही. साठ वर्षं पहाटे उठायचं ते त्यांनीच, हे मला पटत नाही. आपल्याला या देशाचं दार १९६५ च्या कायद्यानं उघडलं, तेही त्यांच्या हक्कांच्या लढ्याच्या काळातच. आणि आपण एका भाडेकराराच्या जोरावर हद्दीच्या आत आलो.

स्लॅबच्या गळतीचे पैसे दोन हप्त्यांत पाठवतो, निम्मे याच महिन्यात. पावसाआधी काम उरकून घ्या. मनूच्या लग्नाचा मुहूर्त मे महिन्यातला निघत असेल तर तोच धरा, आमच्यासाठी अडू नका. इथली शाळा जूनमध्ये सुटते, मध्येच इतके दिवस रजा देत नाहीत. मी एकटा आठ दिवसांसाठी नक्की येईन. चिनूला मुंडावळ्या बघायच्या होत्या, तिला मी समजावतो. आहेराच्या साड्यांचं आईनं बघावं, खर्च माझा.

तुमचा,
बाळू