देशोदेशीच्या कथांचा वाचनसोहळा व अनुवादित ग्रंथांचे दालन : साहाय्यासाठी आवाहन

सर्व सभासद, आजीव सभासद, माजी कार्यकर्ते आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

येत्या 30 सप्टेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय अनुवाद दिनी, आपल्या वाचनालयाचा देशोदेशीच्या कथांचा वाचनसोहळा सुरू होत आहे. या दिवसाला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2017 साली मान्यता दिली. परदेशी कथा मराठीतून मोठ्याने वाचण्याची आपली प्रथा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर कामगार सभासद वाचनालयाच्या ओट्यावर जमत, एकजण वाचत असे आणि बाकीचे ऐकत. मॉस्कोत छापलेली रशियन साहित्याची मराठी भाषांतरे त्या काळी अगदी अल्प किमतीत मिळत, आणि आपल्या दालनाची सुरुवात त्याच पुस्तकांनी झाली. 1982 च्या संपात घरोघरी चुली पेटण्याची भ्रांत असताना तेव्हाच्या कार्यकारी मंडळाने वर्गणी थकली म्हणून एकाही गिरणी कामगाराचे नाव पटावरून कमी केले नाही, याचा आम्हांला आजही अभिमान वाटतो. मुंबईत गिरणी कामगार म्हणून राबलेले अण्णाभाऊ साठे 1961 साली रशियाचा प्रवास करून आले आणि त्यांचे लेखन रशियन वाचकांपर्यंतही पोहोचले, हे ठाऊक असलेल्या या वस्तीला जगाचे साहित्य कधीच परके वाटले नाही.

गतवर्षीच्या सोहळ्याचे पहिले सत्र ज्यांनी ऐकले ते ते विसरणार नाहीत. आपल्या उपाध्यक्षांनी पंचतंत्राचा प्रवास उलगडून सांगितला : सहाव्या शतकात या कथा इराणात पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या, तिथे आपले करटक आणि दमनक हे कोल्हे कलीला व दिम्ना झाले आणि पुढे त्याच कथा युरोपातील अनेक भाषांत पोहोचल्या. उलट दिशेने इसापाच्या कथा मुंबईत 1828 सालीच मराठीत छापल्या गेल्या, तर अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी ते काम पुढे नेले. त्याच संध्याकाळी शेजारच्या इमारतीच्या नेपाळी पहारेकऱ्याने आजीकडून ऐकलेली कोल्ह्याची गोष्ट आपल्या भाषेत सांगितली आणि सातवीत शिकणाऱ्या त्याच्या मुलीने शेजारी उभे राहून तिचे वाक्य न् वाक्य मराठीत केले. मध्ये एका ठिकाणी वडील भराभर पुढे गेले तेव्हा तिने त्यांचा दंड धरून त्यांना थांबवले, राहिलेले वाक्य पुरे केले आणि मगच पुढे जाऊ दिले. सभागृहात एवढी शांतता आम्ही नामवंत वक्त्यांच्या व्याख्यानातही अनुभवलेली नाही.

हे सारे ज्यांच्या बळावर उभे राहिले त्यांचे ऋण येथे नोंदवलेच पाहिजे. दालनातील पहिली दोन लोखंडी कपाटे गिरणीतील एका निवृत्त जॉबरकाकांनी (जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम) आपल्या ग्रॅच्युइटीच्या रकमेतून दिली आणि कपाटावर नाव घालू द्यायला ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. सर्वांच्या परिचयाच्या, दादरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी आपला आयुष्यभराचा अनुवादसंग्रह वाचनालयाला दिला. साने गुरुजींनी तुरुंगात असताना केलेला कुरल या तमिळ नीतिग्रंथाचा अनुवाद आणि पु. ल. देशपांडे यांनी 1965 साली मराठीत आणलेली हेमिंग्वे यांच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ही त्यातील सर्वाधिक मागणी असलेली पुस्तके आहेत. खानावळीच्या मावशी दर सोहळ्याला श्रोत्यांसाठी चहा व कांदेपोहे पाठवतात आणि पैशांचा विषय काढला की रागावतात. समोरच्या चाळीतील तरुण मंडळी सतरंज्या व खुर्च्या वाहून आणतात. अशी माणसे आहेत म्हणूनच वाचनालय आहे.

यंदा मात्र निकड मोठी आहे. जुलैच्या पावसात पश्चिमेकडील भिंत झिरपली आणि खालच्या दोन फळ्यांवरील पुस्तके भिजली. जुन्या रशियन भाषांतरांची पाने एकमेकांना चिकटली असून काहींच्या बांधणीचा दोरा कुजला आहे, काहींना कसर लागली आहे. ग्रंथपाल ती पाने पंख्याखाली वाळवून टीपकागद घालून ठेवत आहेत. पण नवी कापडी बांधणी केल्याशिवाय ती वाचकांच्या हाती देता येणार नाहीत. यांतील बरीच पुस्तके आता बाजारात मिळत नाहीत. शासकीय अनुदान वेतन व वीजबिलातच संपते, हे सभासद जाणतातच.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहितो. गतवर्षी परिसरातील अनेक नव्या गृहसंकुलांना आणि काही सधन आजीव सभासदांना आम्ही हाताने पत्रे नेऊन दिली, पण बहुतेकांनी साधे उत्तरही दिले नाही. उत्सवांच्या वर्गणीला आपल्या भागात कोणी नाही म्हणत नाही आणि म्हणूही नये. त्याच उदार हातांनी वाचनालयाचीही आठवण ठेवावी, इतकीच विनंती आहे. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्याच मराठीत जगाचे साहित्य आणणारी ही पुस्तके आपल्याच दारात कुजू देणे आम्हांला सहन होणार नाही.

एकूण गरज रुपये 1,80,000 : भिंतीची दुरुस्ती 70,000, पुस्तकांची बांधणी 45,000, नवे अनुवाद 40,000, सोहळ्याचा खर्च व अनुवादकांचे मानधन 25,000. रुपये 500 मध्ये साधारण दोन पुस्तकांची बांधणी होते. धनादेश वाचनालयाच्या नावे काढावा. आयकर सवलत हवी असल्यास रुपये 2,000 पेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊ नये. पावती ग्रंथपालांकडे, सायंकाळी 5 ते 8, सोमवारी बंद. पुस्तके सुस्थितीतील व अनुवादितच द्यावीत, पाठ्यपुस्तके नकोत. सोहळा 30 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर, रोज सायंकाळी 6 वाजता, वाचनालयाच्या सभागृहात. अन्य भाषेतील कथा सांगू इच्छिणाऱ्यांनी 20 सप्टेंबरपर्यंत नाव नोंदवावे, मराठी अनुवादासाठी साहाय्य मिळेल. बांधणीच्या कामाला रविवारी सकाळी हातभार लावू शकणाऱ्यांनीही कळवावे.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाकरिता)