प्राध्यापकांच्या चित्रपटनिर्मितीला नियमांत जागा द्या

महोदय,

मुंबईतल्या महाविद्यालयांत शिकवणारे आम्ही काही सहकारी मिळून एक छोटी चित्रपटनिर्मिती संस्था चालवतो. इतिहास, मराठी, भौतिकशास्त्र आणि मास मीडिया हे आमचे विषय. संस्था काढणे कठीण नव्हते. 2008 च्या एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) कायद्याखाली दोन भागीदार पुरतात, किमान भांडवलाची अट नाही. आमची अडचण महाविद्यालयाच्या दारात सुरू होते.

सध्या आम्ही बीडीडी चाळींतल्या जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी चित्रित करतो आहोत. या कामाला थांबायला वेळ नाही. वरळीत पुनर्विकासातील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. लोकांना 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जाता येते आहे, याचा आनंदच आहे. पण 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप ज्यांनी त्या खोल्यांत काढला, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. जुने शेजार विखुरले की एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने दुरुस्त करायचे, अशी गप्पांची बैठक पुन्हा जमवणे अवघड.

अशा खोलीत चित्रीकरण कसे होते ते सांगते. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर आवाजात घरघर येते. भौतिकशास्त्राचे सर दारावर आणि भिंतीवर गोधड्या टांगतात, म्हणजे आवाज घुमत नाही. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणाऱ्याला, कामाची पाळी मिळाली नाही तर त्या दिवशी घरात काय शिजायचे, हा प्रश्न इतिहासाच्या बाईंनाच सुचतो, कारण त्यांनी गिरण्यांचे कागद वाचलेले असतात. मालवणी आणि घाटावरची बोली सबटायटलमध्ये सपाट होऊ नये म्हणून मराठीचे सहकारी एकेका वाक्यावर अडून बसतात. भाड्याने आणलेल्या युनिटला हे जमणार नाही असे नाही, पण त्यासाठी लागणारा अभ्यास आमच्या रोजच्या कामातूनच येतो. म्हणून मी याला फावल्या वेळचा छंद मानत नाही.

मुंबईत याची परंपराही आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर या प्राध्यापकांनी अध्यापन करतानाच अनेक माहितीपट केले. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून गिरण्यांची मुंबई दाखवणारा माहितीपट त्यांचाच. त्यांच्यामागे त्यांची संस्था होती. साध्या अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकामागे कोण आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यविद्यांतल्या शोधनिबंधाला 10 गुण आहेत. पुस्तकाला, भाषांतराला, ई-कंटेंटलाही गुण आहेत. संशोधनावर उभ्या असलेल्या माहितीपटाला स्वतंत्र रकाना नाही. म्हणजे पदोन्नतीच्या फाइलमध्ये आमची वर्षानुवर्षांची मेहनत कोरीच राहते. आमच्यातला तरुण सहकारी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मिळणाऱ्या मानधनावर आहे. त्याला तर हे काम दाखवायला फाइलसुद्धा नाही, आणि मला सर्वात जास्त वाईट त्याचेच वाटते.

परवानगीची कथा याहून अवघड. शिक्षकाने विनापरवाना व्यवसाय करू नये, ही अट मला मान्य आहे. पण केंद्राने 2019 साली विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणले. प्राध्यापकांना स्टार्टअप काढू द्यावा, त्यासाठी रजा द्यावी, त्या काळातली ज्येष्ठता राखावी, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात आमच्यापैकी एकाचा अर्ज ‘चित्रपट यात बसत नाही’ एवढ्या शेऱ्यावर महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातून परत आला. ॲप आणि यंत्र म्हणजेच नवोपक्रम, ही समजूत कुठून आली?

सवलतीबरोबर बंधनेही हवीत, हे आवर्जून लिहिते. विद्यार्थ्यांना फुकट राबवणे, गुणांच्या आशेवर त्यांना कॅमेरा उचलायला लावणे हे चालता कामा नये. ज्याला आपण शिकवतो आणि ज्याचे पेपर तपासतो, त्याला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. म्हणून विद्यार्थी कामाला घेतला तर मानधन लेखी ठरावे, श्रेयनामावलीत नाव यावे, आणि त्याच्या मूल्यमापनात त्या शिक्षकाचा हात नसावा. महाविद्यालयाचा कॅमेरा किंवा एडिटिंगची खोली वापरली तर नोंद व्हावी आणि भाडे भरावे. आमची त्याला तयारी आहे. मे महिन्यात ही सामग्री कुलपात पडून असते आणि आम्ही बाहेरून भाड्याने आणतो.

मुंबई विद्यापीठाने दोन गोष्टी कराव्यात, ही विनंती. 2019 च्या धोरणात चित्रपटनिर्मितीही येते, असे संलग्न महाविद्यालयांना परिपत्रकाने कळवावे, आणि अर्जावर निर्णयाची मुदत ठरवावी. आणि माहितीपटाचे विषयतज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची व्यवस्था उभारून, तो शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा असा प्रस्ताव यूजीसीकडे पाठवावा. नायगावच्या बीडीडी चाळीतले आमचे चित्रीकरण परीक्षा आणि पेपर तपासणी संपल्यावर पुन्हा सुरू होईल. तोवर परिपत्रक निघाले, तर या वेळी आमच्या तरुण सहकाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत उघडपणे देता येईल.

— एक प्राध्यापिका, माहीम, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)