परदेशात पाठवताय तर पोरांना आधी जेवणाचं सांगा

मा. संपादक,
नमस्कार.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतली पोरं आता मशीन बसवायला, लाइन चालू करून द्यायला आफ्रिकेत जायला लागलीत, चांगलंच आहे, पगार मिळतो अनुभव मिळतो. तिकीट, व्हिसा, टूलकिट सगळं बघितलं जातं, पण तिथं जेवायचं काय, दिवस कसा चालतो, हे कुणीच सांगत नाही. मग पोरगं अर्धी बॅग शेव, ठेचा, चटण्या अन् मॅगीनं भरून नेतं आणि रूमवर बसून तेच खातं, आठ-दहा दिवसांत पोट बिघडतं आणि कामावरचं मन उडतं. मी पाइप बनवणाऱ्या मशीनच्या लाइनच्या कामाला इथिओपियात राहून आलोय, माझ्यासोबतच्या पोरांचे हाल डोळ्यानं बघितलेत, म्हणून लिहितोय.

निघताना आई म्हटली, पोट जपजो रे भाऊ. तिला वाटलं शाकाहारी माणूस तिथं उपाशीच राहणार, सगळ्यांच्या घरी हेच वाटतं. पण इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, शिवाय ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस, आणि त्या उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. त्यामुळे साध्यातल्या साध्या हॉटेलातसुद्धा उपासाचं ताट मिळतं, 'यत्सोम' एवढं म्हटलं की पुरतं. मोठ्या ताटात इंजेरा, म्हणजे डोशासारखी मऊ जाळीदार भाकरी, पसरलेला, त्यावर मसुरीची लालभडक तिखट आमटी, पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट, आणि शिरो. आपला गोड शिरा नाही, हा हरभऱ्या-वाटाण्याच्या पिठाचा, बेरबेरे मसाल्यात घट्ट शिजवलेला, मातीच्या भांड्यात खदखदत टेबलावर येतो. पिठलं खाणाऱ्या खान्देशी माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. फक्त एवढं ध्यानात ठेवा की एरवीच्या दिवशी त्यात लोणी असू शकतं, आणि बोझेना शिरो म्हटला तर मांस असतंच, म्हणून आधी विचारायचं.

इंजेरा टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचा, पीठ दोन-तीन दिवस आंबवून करतात, त्यामुळे आंबट लागतो आणि पहिल्या घासाला पोरं तोंड वाकडं करतात. पण ज्यांच्या घरी उन्हाळ्यात बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालतात त्यांच्या नाकाला तो आंबूस वास नवा नाही. दोन-तीन दिवस रेटून खा, मग आपोआप आवडतो.

अदिस अबाबाजवळच्या दुकेम गावाकडच्या शेडमध्ये आम्ही दुपारी तिथल्या ऑपरेटर लोकांसोबतच बसायचो, सगळ्यांचं एकच ताट. एक वयस्कर फिटर होते, त्यांनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात पालेभाजी अन् मसूर गुंडाळली, हातातली गुंडाळी नीट दाबून बसवली आणि सरळ माझ्या तोंडापुढं धरली. याला गुर्शा म्हणतात, मानाचा घास आहे तो. उष्ट्याखरकट्याचा विचार करून मागं सरकलात तर समोरच्याला लागतं. मी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच माणसानं मला पॅनलच्या वायरिंगची सगळी जुनी भानगड उलगडून दाखवली, जी ड्रॉइंगमध्ये कुठंच नव्हती.

आता रूमवर स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरच्या वर आहे, तिथं पाणी साधारण 92 अंशालाच उकळतं. पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवा, कचकच राहते, आणि ती कच्ची डाळ खाऊन पोरं आजारी पडतात अन् नाव तिथल्या पाण्याचं घेतात. न्यायचंच असेल तर छोटा कुकर न्या, बाकी बॅग रिकामी ठेवा. त्याच उंचीमुळे पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागते, घाबरायचं नाही.

घड्याळाचं मात्र पक्कं समजून घ्या. तिथली माणसं तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे ते दोन वाजता या म्हटले तर आपले सकाळचे आठ. वर्षाला तेरा महिने, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा, सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागं, नवं वर्ष सप्टेंबरात. कमिशनिंग रिपोर्टवर, म्हणजे लाइन चालू करून दिल्याच्या कागदावर, आणि वॉरंटीच्या कागदावर दोन्ही तारखा लिहून घ्या, नाहीतर पुढं क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं.

दुधाचा कडक चहा विसरा थोडे दिवस. कॉफी तिथं समोर भाजतात, कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि तीन फेऱ्या देतात, सोबत लाह्या. पहिल्या कपानंतर उठून जायचं नाही. साइटवरच्या निम्म्या अडचणी त्या दुसऱ्या-तिसऱ्या कपावरच सुटतात, हे मी अनुभवानं सांगतोय.

आणि यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, भारतात परत येताना ते मागतात आणि नसेल तर क्वारंटाइन करतात. आम्हाला ती घ्यायला मुंबईला जावं लागलं होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

कारखानदार मंडळींना हात जोडून विनंती आहे, पोरगं पाठवायच्या आधी अर्धा दिवस काढा, जो जाऊन आलाय त्याला समोर बसवा, हे सगळं बोलू द्या. आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनीही शेवटच्या वर्षाला असं एखादं लेक्चर ठेवावं, खर्च काहीच नाही. आणि संपादक साहेब, आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा थोडी जागा द्या, केनिया, टांझानिया, दुबई, व्हिएतनाम, जिथून कुठून आपली माणसं काम करून आलीत ती लिहितील. इथिओपियाबद्दल कुणाला अजून काही विचारायचं असेल तर आपल्यामार्फत प्रश्न पाठवावेत, मी उत्तरं लिहून देईन.

आपला नियमित वाचक,
एक इन्स्टॉलेशन इंजिनिअर, अमळनेर (जि. जळगाव)