वेण्णा तलावाजवळच्या त्या दोघांचे आभार

महाबळेश्वरात ऐन थंडीत पहाटे आमची जुनी डिझेल गाडी सुरू व्हायचं नाव घेईना. तेव्हा धावून आलेल्या जीपवाल्या काकांचे आणि त्यांनी बोलावलेल्या मेकॅनिकदादांचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहिली.

स्टार्टर जोमात फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत, हे काकांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं. (आमच्या नेहमीच्या गॅरेजने नवी बॅटरी गळ्यात मारली होती, ते असो.) सायलेन्सरमधून पांढरा धूर, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं, आणि ती उष्णता गारठलेलं इंजिन शोषून घेतं. त्यासाठीच हीटर प्लग, म्हणजे गाडी सुरू करताना इंजिनात आतून ऊब देणारी विजेची कांडी. दादांनी मल्टिमीटर लावला: चारपैकी तीन प्लग मेलेले. गाडी झटकन सुरू व्हावी म्हणून कुणी इथरचा (चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा) स्प्रे आणला, तर दादा चक्क ओरडलेच. तापलेल्या प्लगवर तो भडकतो.

मग उतारावर धक्का मारून गाडी सुरू केली. इंजिन चांगलं तापू दिलं आणि मगच प्लग बदलले, कारण थंड हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) जुना प्लग पिळला की आतच तुटतो. दादांनी पैसे फक्त प्लगांचे घेतले. चहाचे तर काकांनी देऊच दिले नाहीत!