कुर्दांचा प्रश्न पहिलीच्या वर्गात आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी इराकमधल्या सुलेमानियाजवळ पीकेके या तुर्कस्तानातल्या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेच्या तीस जणांनी मोठ्या कढईत आपल्या बंदुका रचल्या आणि पेटवून दिल्या. तेव्हापासून तुर्कस्तानातल्या कुर्दांविषयी आपल्याकडे जे छापून येतं, ते शस्त्रं किती जमा झाली, पीकेकेचे तुरुंगात असलेले संस्थापक ओजालान सुटणार का, राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांचा फायदा किती, याभोवतीच फिरतं. मी बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. म्हणून असेल, पण यात एक गोष्ट सतत राहून जाते असं मला वाटतं.

तुर्कस्तानची राज्यघटना १९८२ ची, लष्करी राजवटीत झालेली. तिचं कलम ४२ म्हणतं, की शिक्षणसंस्थांत तुर्कीखेरीज कुठलीही भाषा तुर्की नागरिकांना मातृभाषा म्हणून शिकवता येणार नाही. म्हणजे दियारबाकिरकडच्या खेड्यातलं पोर, ज्याची आई आणि आजी घरात कुर्दीच बोलतात, ते शाळेत येऊन बसतं आणि बाई काय म्हणतात तेच त्याला कळत नाही. असं मूल कसं दिसतं ते मी पाहिलंय. आमच्या शाळेत लमाण तांड्यावरची मुलं यायची. उत्तर नाही, रडणं नाही, नुसतं आपल्या तोंडाकडे बघत बसायचं. सुरुवातीच्या वर्षांत अशा मुलांना मीही 'मठ्ठ' म्हटलंय. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

तिथे हे सरकारी धोरणच होतं. १९३३ पासून २०१३ पर्यंत प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाने सकाळी 'मी तुर्क आहे, मी सच्चा आहे, मी कष्टाळू आहे' अशी शपथ म्हणायची. कुर्द मुलानेही. १९८३ च्या कायद्याने तर नाव न घेता कुर्दी भाषेवर बंदीच आणली, ती १९९१ मध्ये उठली. त्याच वर्षी लेला झाना या कुर्द नेत्या संसदेत निवडून आल्या. शपथ त्यांनी तुर्कीतच घेतली, फक्त शेवटी तुर्क आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाचं एक वाक्य कुर्दीत म्हटलं. सभागृहात गदारोळ झाला. १९९४ मध्ये त्यांचं संसदीय संरक्षण काढलं आणि पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली. आरोप पीकेकेशी संबंधांचा होता, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं वाक्य. दहा वर्षं त्या तुरुंगात होत्या.

अक्षरांचंही तेच. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं तुर्की वर्णमालेत नाहीत, कुर्दीत आहेत. ती असलेलं नाव वर्षानुवर्षं बाळाला अधिकृतपणे लावता येत नव्हतं. नवरोज या वसंतातल्या नववर्षाच्या सणाच्या स्पेलिंगात सरकारचा व्ही, कुर्दांचा डब्ल्यू, आणि त्यावरून खटले! आपण दोन्हींचा 'व'च लिहितो, त्यामुळे एका अक्षरासाठी माणसं कोर्टात का उभी राहतात, हे आपल्याला चटकन उमगत नाही.

पीकेकेची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. १९८४ पासूनच्या या लढ्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. लष्कराने खेडीच्या खेडी रिकामी केली, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की पीकेकेने गावात नेमणुकीवर आलेल्या साध्या शाळामास्तरांना गोळ्या घातल्या. त्या मास्तरांनी कायदा केला नव्हता. ते माझ्यासारखेच खडू हातात घेऊन उभे होते.

२०१२ पासून पाचवीपासून पुढे कुर्दी ऐच्छिक विषय म्हणून घेता येते, हे मान्य. पण मूल गप्प बसायला शिकतं ते पहिलीत. पाचवीत आठवड्याचे दोन तास देऊन ते भरून निघत नाही.

आणि ही भाषा आपल्याला काही अगदी परकी नाही. कुर्दीत नावाला 'नाव' म्हणतात. 'नावे ते चि ये?' म्हणजे तुझं नाव काय? पहिलीत आलेल्या मुलाला कुठलीही बाई पहिल्यांदा हेच विचारते.

ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नासाठी तुर्की संसदेची समिती बसली. तिच्यापुढे एक कुर्द आई आपलं दुःख सांगायला आली, तर तिला कुर्दीत बोलू दिलं गेलं नाही. ही बातमी मला आपल्या कुठल्याच मराठी पेपरात सापडली नाही. आपल्याला विनंती एवढीच, की या समितीविषयी जेव्हा जेव्हा छापाल, तेव्हा कलम ४२ चं काय झालं, याच्या दोन ओळी त्यात जरूर द्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सोलापूर