तपासणी घराजवळ, पाठपुरावा अखंड : ग्रामीण आरोग्य उपक्रमासाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

अंगमेहनत करणाऱ्याला रक्तदाब आणि मधुमेह होत नाहीत, ते बसून काम करणाऱ्या शहरी माणसांचे आजार आहेत, असा समज खेड्यापाड्यांत अजूनही घट्ट आहे. एकेकाळी त्यात तथ्य होते. आज तो समज जिवावर बेतू लागला आहे आणि म्हणूनच आमच्या ग्रामीण आरोग्य समितीच्या वतीने हे आवाहन आपल्यापुढे ठेवत आहोत. ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार, १९८५ ते २०१७ या काळात जगभरातील प्रौढांचे उंचीच्या प्रमाणातील सरासरी वजन जितके वाढले, त्यातील ५५ टक्क्यांहून अधिक वाढ ग्रामीण भागांमुळे झाली होती, आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या काही प्रदेशांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर होते. खेडे आणि शहर यांतील जे अंतर आपण गृहीत धरत आलो, ते एका पिढीच्या आत झपाट्याने कमी झाले आहे.

याची कारणे गावात राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहेत. नांगरणी, कापणी, मळणी ही कामे यंत्रांकडे गेली, पायी तुडवायची वाट दुचाकीने संपू लागली, पाणी घरापर्यंत आले. या सोयी हव्याच होत्या. डोक्यावरचा हंडा उतरला याचे दुःख कोणीही करू नये. मात्र शरीराची हालचाल कमी होत असताना खाणे त्या मानाने बदलले नाही, उलट पाकीटबंद, खारट आणि गोड पदार्थ ताज्या भाजी-फळांपेक्षा आधी आणि स्वस्तात गावात पोहोचले. उरलेले कष्टही हंगामी असतात. सुगीत माणूस दिवसभर राबतो आणि नंतर कित्येक आठवडे त्याला घाम येईल असे काम नसते. शिवाय तासन्‌तास वाकून, उभे राहून किंवा ओझे उचलून केलेल्या कामाने पाठ आणि गुडघे झिजतात. नियमित वेगाने चालण्याने हृदयाला आणि फुफ्फुसांना जे बळ मिळते, ते त्यातून मिळेलच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८० लाख माणसे हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, श्वसनाचे जुनाट विकार, मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांनी वयाची सत्तरी गाठण्याआधीच दगावली, आणि त्यांतील दहापैकी आठांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. कर्त्या वयात माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, की घराची शेती, मुलांचे शिक्षण आणि जमवलेली बचत एकाच वेळी धोक्यात येते. खेड्यात ही झळ अधिक तीव्र असते, कारण जवळचे मोठे रुग्णालय दूर असते आणि पक्षाघातासारख्या आजारात उपचाराचे पहिले काही तासच निर्णायक असतात.

या आजारांची सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्यांचे मौन. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. जगात तो असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. मधुमेहही अनेक वर्षे गाजावाजा न करता डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा पोखरत राहतो. पायाची संवेदना गेलेला माणूस शेतात अनवाणी चालतो, काटा रुततो, ते त्याला कळत नाही, जखम चिघळते आणि पुढे पाय किंवा पायाची बोटे काढण्याची वेळ येते. ही साखळी प्रत्येक टप्प्यावर तोडता येते, पण त्यासाठी कोणीतरी वेळेवर मोजमाप घ्यायला हवे. तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, वाहनाचे भाडे भरून, रांगेत उभे राहायचे आणि तेही अंगात काही दुखत नसताना, हे कोणालाही पटणे कठीण आहे. लोक निष्काळजी आहेत असे म्हणून हात झटकणे आम्हाला योग्य वाटत नाही. तपासणी लोकांच्या दारापासून दूर राहिली, हा व्यवस्थेचा दोष आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

म्हणून समितीने ठरवले आहे की प्रत्येक वस्तीत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर, वजन आणि कंबरेचा घेर मोजला जावा आणि या मोजणीत कधीही खंड पडू नये. एकदाच भरणारी, गर्दी जमवणारी शिबिरे आजवर अनेक झाली. त्यांत आकडे लिहिले गेले, कागद वाटले गेले, परंतु ज्यांचे आकडे वाढलेले निघाले त्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला बहुधा कोणी परत गेले नाही. आमच्या मते खरे काम त्या दुसऱ्या भेटीपासून सुरू होते. गोळ्या सुरू झालेला माणूस बरे वाटू लागताच त्या बंद करतो, कारण बरे वाटणे म्हणजे बरे होणे असे त्याला वाटते. त्याला महिन्याच्या महिन्याला भेटून, आकडा दाखवून, गोळी का चालू ठेवायची हे समजावणारे ओळखीचे माणूस हवे असते.

मोजणी बरोबर झाली तरच तिला अर्थ आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी व्यक्तीने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार आणि पाय जमिनीवर टेकलेले असावेत, हात हृदयाच्या पातळीवर ठेवलेला असावा, आधीच्या अर्ध्या तासात तंबाखू, चहा किंवा कॉफी घेतलेली नसावी, आणि थोड्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. दंडाला बांधायचा पट्टा लहान पडला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून निरनिराळ्या मापांचे पट्टे लागतात. ही बाब क्षुल्लक वाटली तरी तिच्यामुळे एखाद्याला नको ती गोळी सुरू होऊ शकते. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आढळला, किंवा उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाली, तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवले जाईल. निदान आणि औषधयोजना हे डॉक्टरांचेच काम राहील. स्वयंसेवक मोजतील, लिहितील, सोबत जातील आणि पुन्हा विचारपूस करतील.

ज्यांची साखर धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, त्यांच्यासाठी आम्ही विशेष आग्रही आहोत, कारण तेथे आजार थोपवता येतो याचा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम आणि सुमारे ७ टक्के वजन घटवणे हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. चालणे आणि आहार यांनी गोळीपेक्षा जास्त काम केले, परंतु त्या लोकांना नियमितपणे भेटणारे मार्गदर्शक होते हेही विसरता येणार नाही. नुसता सल्ला देऊन सवयी बदलत नाहीत. म्हणून आम्ही चालण्याचे गट बांधू इच्छितो : बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, आठवड्यातले पाच दिवस, अर्धा तास. पासष्टीपुढील मंडळींसाठी तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम आठवड्यातून तीनदा घेतले जातील, कारण या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे हे अनेकदा परावलंबी आयुष्याची सुरुवात ठरते. स्त्रियांच्या गटांना सोयीची वेळ, उजेड आणि सुरक्षित रस्ता लागतो. घरकाम होतेच, मग वेगळे चालायचे कशाला, असे त्यांना सांगितले जाते. त्यांना स्वतःसाठी हा अर्धा तास मिळावा यासाठी घरातील पुरुषांनीही पुढाकार घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

सबंध समाजाने ठरवले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण फिनलंडच्या पूर्वेकडील नॉर्थ कॅरेलिया या ग्रामीण, दुग्धव्यवसायावर जगणाऱ्या प्रांताने घालून दिले आहे. तेथील कष्टकरी पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने मरत होते. १९७१ साली प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारला निवेदन देऊन मदत मागितली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. गृहिणींच्या संघटना, शाळा, दुकाने आणि खाद्यपदार्थ बनवणारे कारखाने असे सगळे त्यात उतरले. लोणी आणि मीठ कमी झाले, भाज्या व फळे वाढली, धूम्रपान घटले. पुढच्या चार दशकांत तेथील कर्त्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्या कामाची सुरुवातही एका मदतीच्या निवेदनाने झाली होती, हे आम्हाला बळ देणारे आहे.

मीठ, तंबाखू आणि चुलीचा धूर हे विषय आमच्या घरभेटींत येतीलच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरेसे असते आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतील मीठही धरायचे असते. तंबाखू चघळण्याची असो वा ओढण्याची, तिच्या बाबतीत सुरक्षित असे प्रमाण नाही, आणि सोडू पाहणाऱ्याला दटावण्याऐवजी सोबत देणे अधिक उपयोगी पडते, असा आमचा विश्वास आहे.

या कामासाठी आम्ही आपल्याकडे प्रथम आपला वेळ मागत आहोत. आठवड्यातून दोन तास देऊ शकणारे तरुण-तरुणी, निवृत्त शिक्षक, परिचारिका आणि डॉक्टर आम्हाला हवे आहेत. मोजणी व नोंदी यांचे प्रशिक्षण समिती देईल. त्याखालोखाल जागेची गरज आहे : सावली, बसायला बाके, पिण्याचे पाणी आणि आडोसा असलेली एखादी खोली महिन्यातून दोन दिवस मिळाली तरी एका वस्तीची सोय होते. साहित्यात दंडावर बांधायची प्रमाणित रक्तदाबयंत्रे, लहान-मोठ्या मापांचे पट्टे, ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या व सुया, वापरलेल्या सुया टाकण्यासाठी जाड डबे, वजनकाटे आणि नोंदवह्या लागतील. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतात, म्हणून त्या देण्यापूर्वी कोणत्या यंत्राच्या व किती हव्यात हे समितीला कृपया विचारावे. घरात उरलेली औषधे मात्र पाठवू नयेत. अर्धवट पाकिटातील गोळी कोणती, कशी ठेवलेली आणि कधीपर्यंत चालणारी, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

आर्थिक मदत एकरकमी दिल्यास उपयोग होईलच, तथापि दरमहा थोडी, पण नेमाने दिलेली रक्कम आम्हाला अधिक मोलाची वाटते, कारण पट्ट्या, सुया आणि रुग्णांचा प्रवासखर्च हे दर महिन्याला येणारे खर्च आहेत आणि ते थांबले की पाठपुरावाही थांबतो. तंबाखू व मद्य यांच्या विक्रीशी संबंधित व्यवसायांकडून देणगी न घेण्याचा निर्णय समितीने घेतला आहे. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमा-खर्चाचा तपशील दर तीन महिन्यांनी सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी लावला जाईल. तपासणीला आलेल्यांची नावे व आकडे मात्र ती व्यक्ती आणि तिचे डॉक्टर यांच्याखेरीज कोणालाही, देणगीदारांनाही, दाखवले जाणार नाहीत.

ज्यांना वेळ, जागा, साहित्य किंवा निधी देणे शक्य आहे, त्यांनी समितीच्या कार्यालयात येऊन नोंदणी करावी. नोंदणी करताना आपण कोणत्या वस्तीत काम करू शकाल आणि कोणते दिवस मोकळे आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. पहिल्या प्रशिक्षणाची तारीख नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष कळवली जाईल. येताना आपल्या घरातील तिशीपुढील सर्वांना सोबत आणावे, म्हणजे त्यांची पहिली मोजणी त्याच दिवशी होईल.

आपली नम्र,
ग्रामीण आरोग्य समिती